सात नंबरच्या दुरुस्त्या

आभाची कादंबरी गंगाधरराव गायधनींनी दोनदा तपासली आणि दोन्ही वेळा उलटी धरून.

यात हसण्यासारखं काही नाही. चौतीस वर्षं नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाची ती पद्धत होती. कागद सरळ धरला की डोळा मजकुरात शिरतो, तिथे रमतो आणि चूक निसटते. उलटा धरला की तिरकी गेलेली ओळ, पुसट टिंब, सरकलेला समास असं सगळं आपोआप पुढे येतं. घरी येणारं वर्तमानपत्रसुद्धा ते आधी उलटं बघत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी श्यामलाबाईंनी या विषयावर माहेरी एक सविस्तर पत्र लिहिलं होतं. पण पोस्टात टाकण्याआधी नवऱ्याने ते तपासायला मागितलं, तेव्हा त्यांनी ते फाडून टाकलं आणि पुढची अडतीस वर्षं जे आहे ते आहे असं धरून चालल्या.

हिरावाडीतल्या गोदाछाया सोसायटीत चौथ्या मजल्यावर गायधनी आठ नंबरला राहत. समोरचा सात नंबर आभाचा. तिचे वडील विश्वेश तीन वर्षांपूर्वी, साथीच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतर महिन्याभरात तिची आई संपदा दिंडोरीला भावाकडे गेली ती परत आलीच नाही. आभा नांदगावला बँकेत लागली. महिन्यातल्या सुट्टीच्या शनिवारी येऊन ती बंद घराच्या खिडक्या उघडायची, झाडलोट करायची आणि संध्याकाळी खिडक्या लावून निघून जायची. अशाच एका शनिवारी तिने आठ नंबरची बेल वाजवली. हातात दोनशे पानांचा गठ्ठा होता.

"काका, कादंबरी लिहिलीय," ती म्हणाली. "बाबांच्या शेवटच्या दिवसांवर. छापायच्या आधी तुम्ही वाचावी असं वाटतं. तुम्हीच."

छपाईतला माणूस म्हणून आपल्याकडे आली, असं गंगाधररावांना वाटलं आणि त्यांची छाती फुगली. सेवानिवृत्तीनंतर त्यांच्याकडे तपासायला म्हणून फक्त सोसायटीचं लाइट बिल यायचं.

"घाई काय आहे?" त्यांनी विचारलं.

"चैत्रात बाबांची तिथी आहे. त्याच्या आत आईच्या हातात पडायला हवी. आईचं हल्ली विचित्र झालंय. तेव्हा काय काय झालं ते ती सांगायला लागली की मामा म्हणतो, असं कुठे झालं असेल, तू आजारी होतीस, तापात होतीस. आता तिलाही तसंच वाटायला लागलंय. म्हणते, मीच उगाच मनात धरून बसलेय का गं? मी सांगितलेलं तिला पुरत नाही. छापलेलं दाखवायचंय."

छापलेलं ते खरं, हे गंगाधररावांना अगदी पटलं. त्यांनी पुढच्या आठ दिवसांत जेवणाच्या टेबलावर पानं उलटी मांडून काम संपवलं. पुढच्या सुट्टीच्या शनिवारी त्यांनी गठ्ठा परत केला. "उत्तम आहे. चौदा चुका निघाल्या. दोन ठिकाणी पान क्रमांक दोनदा आलाय."

आभाने गठ्ठा हातात घेतला. "बाकी काही नाही? तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला? छापायचं म्हटलं की चुका होणारच. आपण काढायच्या आणि पुढे जायचं."

तिचे डोळे भरून आले. ती वाकली, गंगाधररावांच्या पायांना हात लावला आणि निघून गेली. चौदा चुकांबद्दल एवढी कृतज्ञता त्यांनी छापखान्यातही कधी पाहिली नव्हती.

पुढचे दोन महिने प्रकाशनात गेले. नाशिकच्या तीन प्रकाशकांपैकी एकाने उत्तर दिलं नाही, दुसऱ्याने विषय जुना झाला असं कळवलं, तिसऱ्याने प्रेमप्रकरण घालता येईल का अशी विचारणा केली. तेव्हा आभाने मागणीनुसार छपाई करणारी एक वेबसाईट शोधून काढली. तिथली व्यवस्था समजून घ्यायला गंगाधररावांना एक आख्खी दुपार लागली.

"पहिली आवृत्ती किती प्रतींची?"

"आवृत्ती नसते काका. कोणी मागितली की एक छापतात."

"आणि कोणीच मागितली नाही तर?"

"तर छापत नाहीत."

"मग पुस्तक असतं कुठे?"

"फाईलमध्ये."

हे उत्तर त्यांच्या घशाखाली उतरलं नाही. पण आभाला नांदगावच्या शाखेत दुपारी पाणी प्यायला वेळ नव्हता, आणि त्या वेबसाईटला दर दोन दिवसांनी काहीतरी हवं असायचं. कण्यावरचं नाव दोन मिलिमीटर डावीकडे आहे. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक मिळवण्यासाठी भरलेल्या अर्जात लेखिकेचं नाव आधार कार्डाप्रमाणे नाही. मुखपृष्ठाचा काळा रंग पुरेसा काळा नाही. शेवटी आभाने फाईल आणि पासवर्ड दोन्ही गंगाधररावांच्या हवाली केलं. "छपाईची चूक दिसली तर तुम्हीच दुरुस्त करून वेबसाईटवर चढवा. मजकूर मात्र आहे तसाच राहू द्या. तुमच्यावर सोपवून मी निर्धास्त आहे," ती म्हणाली. "वाचूनही तुम्ही उत्तम म्हणालात, हे मी आयुष्यभर विसरणार नाही."

संक्रांतीनंतर 'सात नंबरचे लोक' ही कादंबरी वेबसाईटवर दिसू लागली. गंगाधररावांनी सोसायटीच्या फलकावर सूचना लावली, की आपल्या इमारतीतील कन्येने पुस्तक लिहिले असून सर्व सभासदांनी मागवून तिला उत्तेजन द्यावे. सभासदांनी मागवलं. आठवडाभर वॉचमनच्या टेबलावर खाकी पाकिटं येत राहिली. मग दोन दिवस इमारत एकदम शांत झाली. लिफ्टमध्ये भेटणारे लोक गंगाधररावांकडे बघून मान खाली घालू लागले. लोक भारावले आहेत, असा त्यांनी अर्थ काढला.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची स्नेहल देवरे पुस्तक घेऊन आली. पुस्तकात तिचं नाव नव्हतं, पण योगासनांचे वर्ग घेणारी बाई त्या इमारतीत एकच होती.

"काका, यात लिहिलंय की ते लोक जिन्यातून गेले की ही बाई मागोमाग फवारणी करायची. मी सगळ्यांच्याच मागे फवारत होते. आमच्या ह्यांच्यासुद्धा."

"मग?"

"मग ते वाक्य काढा. पुस्तक अजून छापलेलं नाहीच म्हणे. मागितल्यावर छापतात. म्हणजे आता बदललं तर बदललंच."

गंगाधरराव आयुष्यात कोणाला नाही म्हणू शकले नव्हते. छापखान्यात चुकीचा ताव बाजूला काढतानासुद्धा ते मशीनवाल्याची मनातल्या मनात क्षमा मागत. त्यात बिचारीची बदनामी होत होती. आभाने मजकुराला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं, ते त्यांना आठवलं. पण एका वाक्याला मजकूर म्हणायचं का, यावर त्यांनी बराच विचार केला आणि नाही असं ठरवलं. फाईल उघडली, ते वाक्य शोधलं, आजूबाजूला न बघता काढलं आणि चढवलं. 'आपले पुस्तक तपासणीत आहे, तीन दिवस लागतील,' असा निरोप आला. तपासणी हा शब्द वाचून त्यांना बरं वाटलं.

पुस्तक त्या साथीच्या दिवसांतलं आहे, एवढं त्यांना यावरून कळलं. त्या काळात सेक्रेटरी म्हणून आपण किती धावपळ केली होती, तेही आठवलं. आपला उल्लेख कुठेतरी असणारच, असं त्यांना वाटून गेलं. पण स्वतःचं नाव शोधत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"तुम्ही एकदा ते पुस्तक सरळ वाचा," श्यामलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"दोनदा वाचलंय."

"सरळ म्हणतेय मी."

दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरचे भारत कोठावदे वकील तीन प्रतींत अर्ज घेऊन आले. कादंबरीच्या पृष्ठ एकशे बारावर 'पहिल्या मजल्यावरच्या वकिलांनी दार लावून घेतलं' असं विधान होतं. वकीलसाहेबांचं म्हणणं असं, की दार बंद होतं हे मान्य, पण ते आधीपासून बंद होतं. लावून घेतलं म्हणण्यात हेतू येतो, आणि हेतू शाबीत करावा लागतो. गंगाधररावांनी 'दार बंद होतं' असं केलं. चार दिवसांनी वकीलसाहेबांनी खात्रीसाठी नवी प्रत मागवली आणि परत आले. बंद दारसुद्धा वाईटच दिसतं, असं त्यांच्या सौभाग्यवतींचं मत पडलं होतं. दार उघडं झालं. पुढच्या प्रतीनंतर सौभाग्यवतींच्या सूचनेवरून उघड्या दारात ते दोघं काळजीच्या चेहऱ्याने उभे राहिले.

मग मात्र रीघ लागली. अध्यक्ष प्राध्यापक धनराज पगार शिस्तीचे. असे एकेकट्याने बदल करून घेणं त्यांना गैर वाटलं. त्यांनी रीतसर सभा बोलावली. विषयपत्रिकेत पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्या मध्ये 'कादंबरीतील दुरुस्त्या' असा विषय होता, आणि गणसंख्या सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच पहिल्या फेरीत पूर्ण झाली. सात नंबरला सर्वांनी आळीपाळीने डबे पोचवले, असा ठराव हात वर करून मंजूर झाला. प्रत्यक्षात एक डबा गेला होता, तोही झाकणाशिवाय परत आला म्हणून देवरेंच्या घरात बोलणी झाली होती. पण ते इतिवृत्तात आलं नाही.

एका जागी सभा अडली. विश्वेश अॅम्ब्युलन्सकडे जाताना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसले, तेव्हा जिना पुसणाऱ्या नवसाबाईने त्यांना पाणी दिलं, असं पुस्तकात होतं. इतक्या शिकल्यासवरलेल्या लोकांमधून एका नवसाबाईनेच पाणी द्यावं, हे सभेला खटकलं. तिथे 'शेजाऱ्यांनी' असं करावं, असं ठरलं. गंगाधररावांना मात्र कोणाचं श्रेय परस्पर काढणं बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवसाबाईला जिन्यातच गाठलं. ती पेठ तालुक्याकडची. साथीतसुद्धा एक दिवस कामाला चुकली नव्हती.

"काढा की दादा," सगळं ऐकून ती म्हणाली. "मला काय वाचता येतं? त्याहीनं पाणी पिलं तेवढं लय झालं."

"तुला वाईट नाही ना वाटणार?"

"नाय. पण मंग पाणी दिलं कोणी, असं लिवणार?"

"शेजाऱ्यांनी."

"असं," नवसाबाई म्हणाली आणि फडकं पिळून पुढची पायरी पुसू लागली. गंगाधरराव लिफ्टने वर आले.

फाल्गुन संपेपर्यंत अकरा दुरुस्त्या झाल्या. संध्याकाळी लोक आपापल्या प्रती घेऊन पार्किंगमध्ये जमत आणि ताडून बघत. एकाच्या प्रतीत वकिलांचं दार लावलेलं, दुसऱ्याच्या प्रतीत उघडं. ज्या माणसाने चौतीस वर्षांत एका तावासारखा दुसरा नसेल तर पुढे जाऊ दिला नाही, त्याच्या हातून दोन प्रती सारख्या नसलेलं पुस्तक बाहेर पडलं होतं. आभाला कळवायला हवं, असं गंगाधररावांना रोज वाटे, आणि मार्चअखेरीला बँकेत कामाचा डोंगर असतो, पोरीला कशाला त्रास, असंही रोज वाटे. दोन्हींपैकी दुसरं सोयीचं होतं.

अकरावी दुरुस्ती झाल्यावर पगारसर त्यांना जिन्यात भेटले. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "गायधनी, सगळ्यांचं झालं. तुमचं तेवढं एक पान राहिलंय. शहाण्णव. ते ठेवायचं की काढायचं, तुम्ही ठरवा. समितीला त्यात पडायचं नाही."

गंगाधरराव घरी आले, हात धुतले आणि आयुष्यात पहिल्यांदा तपासायचं पान सरळ धरलं. पानाच्या मधोमध बारीक चौकटीत एक सूचना होती.

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, फ्लॅट क्र. ७ मधील व्यक्तींनी पुढील सूचना मिळेपर्यंत लिफ्टचा वापर करू नये. त्यांनी जिन्याने ये-जा करावी व कठड्यास हात लावू नये. सेक्रेटरी.'

खाली एकच ओळ होती. 'बाबांना ताप एकशे तीन होता. चार मजले उतरताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही.'

सेक्रेटरीपदाच्या अकरा वर्षांत गंगाधररावांनी तीनेकशे सूचना लिहिल्या असतील. टाकी धुणे, वाहने नीट लावणे, वाळवणं गच्चीवर न घालणे. त्यातली ही एक. कमिटीने सांगितली, त्यांनी लिहिली, फलकावर टाचणीने लावली आणि वर येऊन जेवले. समोरच्या दारातून विश्वेश बाहेर पडताना त्यांनी दाराच्या भिंगातून पाहिलं होतं, तेही आता आठवलं. विश्वेश भिंतीला टेकून उभे होते. लिफ्ट त्याच मजल्यावर थांबलेली होती. आणि पानावरची ती चौकट आभाची नव्हती. मूळ फाईलमध्ये सूचना साध्या ओळींत होती. फाईल हाती आल्यावर पानं छापून दुसऱ्यांदा तपासताना, उलट्या पानावर ती जागा मोकळी आणि ओंगळ दिसते म्हणून, ती चौकट त्यांनी स्वतः घातली होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी श्यामलाबाईंना विचारलं.

"मी पहिल्या दिवशीच वाचलं," त्या म्हणाल्या. "मी तरी कुठे दार उघडलं होतं?"

तिसऱ्या दिवशी गंगाधररावांनी फाईल उघडली आणि ती सूचना काढून टाकली. सूचना गेल्यावर खालच्या ओळीला अर्थ राहिना, म्हणून ती ओळही काढली. या बाराव्या दुरुस्तीला ठराव नव्हता, अर्ज नव्हता. चार ओळींनी काय होतंय, असं ते स्वतःला सांगत राहिले. त्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

तिथीच्या आदल्या दिवशी आभा आली. द्राक्षांची पेटी तिने टेबलावर ठेवली.

"आईनं पाठवलीय. तुमच्यासाठी," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी पुस्तक थेट दिंडोरीच्या पत्त्यावर मागवलं होतं. परवा पोचलं. आईनं एका दिवसात वाचून काढलं. मला फोन केला. म्हणाली, किती चांगले होते गं आपले शेजारी. सगळ्यांनी डबे पाठवले, पाणी दिलं, दारात येऊन उभे राहिले. आणि मी तीन वर्षं त्यांना नावं ठेवली. दादा म्हणतो तेच खरं, माझं डोकंच तेव्हा ठिकाणावर नव्हतं. आता तिला सगळ्यांची माफी मागायचीय काका. तुमची पहिली."

श्यामलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या.

"मी तुम्हाला पासवर्ड दिला, कारण शहाण्णव नंबरचं पान वाचूनही तुम्ही उत्तम म्हणालात," आभा म्हणाली. "मला वाटलं, एका तरी माणसानं कबूल केलं."

"मी वाचलं नव्हतं," गंगाधरराव म्हणाले. "मी उलटं धरून तपासलं होतं."

त्यांनी पद्धत समजावून सांगितली. छापखान्यात ती चौतीस वर्षं वाखाणली गेली होती. आज ती सांगताना त्यांचं त्यांनाच ऐकवेना. आभाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मूळ फाईल आहे?" तिने एवढंच विचारलं.

ती होती. बाद ताव फेकायचा नसतो, नंबर घालून ठेवायचा असतो. तपासनिसाच्या त्या सवयीने मूळ फाईल आणि बाराही दुरुस्त्या वेगवेगळ्या ठेवलेल्या होत्या. आभाने तिथेच बसून मूळ कादंबरी परत चढवली. 'आपले पुस्तक तपासणीत आहे, तीन दिवस लागतील,' असं उत्तर आलं. तिथी उद्या होती.

"तीन दिवसांनी नवी प्रत देऊन काय उपयोग?" आभा लॅपटॉप मिटत म्हणाली. "ती म्हणेल, तू तुझ्या मनाने लिहिलंस. तिच्या हातात आता एक छापील पुस्तक आहे."

दुसऱ्या दिवशी गंगाधररावांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मूळ फाईलमधलं शहाण्णव नंबरचं पान छापून घेतलं आणि आभाबरोबर दिंडोरीची बस धरली. तिच्या मामाचं घर बागेला लागूनच होतं. आत तिथीचा स्वयंपाक चालला होता. संपदा घरापुढच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ती खूप वाळली होती. गंगाधररावांना बघून ती गडबडीने उठली, पदर सारखा केला आणि हात जोडले.

"भावोजी, तुम्ही कशाला आलात? मीच येणार होते. माझं फार चुकलं. मी तुमच्याबद्दल..."

"वहिनी, थांबा," गंगाधरराव म्हणाले. "त्या पुस्तकातलं एक पान गळलंय. मीच काढलं होतं. तेवढं वाचून दाखवतो."

त्यांनी कागद सरळ धरला. "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, फ्लॅट क्रमांक सात मधील व्यक्तींनी पुढील सूचना मिळेपर्यंत लिफ्टचा वापर करू नये. त्यांनी जिन्याने ये-जा करावी व..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत संपदाच म्हणाली, "व कठड्यास हात लावू नये."

"हो. हे मी लिहिलं होतं. मीच लावलं होतं. आणि विश्वेशराव निघाले तेव्हा मी दाराआड उभा होतो."

आभाने पुढे होऊन आईचा हात धरला.

"म्हणजे मला बरोबर आठवत होतं," संपदा म्हणाली.

मग तिने घराकडे वळून हाक मारली. तिचा भाऊ सोवळ्यातच बाहेर आला, पाठोपाठ त्याची बायको आली. काय झालं, असं त्यांनी विचारलं. संपदाने गंगाधररावांना बसायला सांगितलं नाही, पाणी विचारलं नाही.

"पहिल्यापासून वाचा," ती म्हणाली. "दादाला ऐकू द्या."

गंगाधररावांनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.